जुनी पटाशी, रंधा, कुऱ्हाड पुन्हा कामाला आणताना

माळ्यावरची ट्रंक उतरते, आजोबांची पटाशी गोणपाटात गुंडाळलेली सापडते आणि दुसऱ्या दिवशी ती ग्राइंडरवाल्याकडे जाते. पाच मिनिटं ठिणग्या उडतात आणि 'धार' लावून मिळते. घरी येऊन सागाच्या फळीवर चालवली की दहा-बारा घावांत बोथट! मग घरातले म्हणतात, जुनं लोखंड आहे, त्यात काही राहिलं नाही. खरं तर ट्रंकेतून निघाली तेव्हा ती पटाशी चांगली होती. तिचं पोलाद त्या पाच मिनिटांत खराब झालं.

सोलापुरात अशी हत्यारं पुष्कळ निघतात. ज्या घरात माग होते तिथे मागाच्या लाकडी डागडुजीला रंधा, पटाशी, करवत, गिरमिट लागायचंच. शेत असलेल्यांकडे कुदळ-कुऱ्हाड-खुरपी वेगळी. ओळखीचे लोक माझ्याकडे ही हत्यारं घेऊन येतात आणि निम्म्याहून जास्त वेळा मला मूळ झीज नाही, तर नंतर झालेली 'दुरुस्ती' दुरुस्त करावी लागते. बहुतेकांचा क्रम चुकलेला असतो. क्रम असा ठेवा: तपासणी, सफाई, गंज, पाठ, उतार, धार, दांडा, तेल. धार सहाव्या नंबरला आहे, हे लक्षात असू द्या.

## तयारी: आधी हे सगळं हाताशी ठेवा

मध्येच उठून दुकानात जावं लागलं तर ओलं लोखंड तसंच पडून राहतं आणि तेवढ्यात पुन्हा लाल होतं. म्हणून आधी जमवाजमव:

- डिझेल, अर्धा लिटर (रॉकेल मिळालं तर उत्तम, पण आता ते सहज मिळत नाही)
- पितळी तारेचा ब्रश आणि भांडी घासायची हिरवी घासणी
- पांढरं व्हिनेगर २ ते ३ लिटर, खाण्याचा सोडा
- वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर): १२०, २२०, ४००, ८०० आणि १२०० नंबर
- निदान ८ मिमी जाडीच्या काचेचा फूटभर तुकडा. काचवाल्याकडे कापून उरलेला स्वस्तात मिळतो
- दोन बाजूंचा धारेचा दगड, एक बाजू खरबरीत, एक बारीक
- शिलाई मशीनचं तेल, जवसाचं तेल
- सुताचं वेस्ट किंवा जुन्या टॉवेलचे तुकडे
- डोळ्यांना चष्मा, हाताला रबरी मोजे

काचेऐवजी शहाबादी फरशी चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालणार नाही. हाताला सपाट लागली तरी तिला बारीक चढउतार असतात आणि ते जसेच्या तसे पटाशीच्या पाठीत उतरतात. ओट्यातून उरलेला पॉलिश केलेला ग्रॅनाइटचा तुकडा मात्र चालतो.

## टप्पा १: हत्यार वाचवण्यासारखं आहे का ते बघा

सगळ्यात आधी भेग शोधा, कारण भेगाळलेल्या हत्यारावर केलेली सगळी मेहनत वाया जाते, शिवाय ते जीवावर बेतू शकतं. हत्यार कोरडं पुसा, डिझेलचा बोळा सगळीकडून फिरवा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग अगदी कोरडं पुसून वर खडूची भुकटी भुरभुरा. भेग असेल तर तिच्यात मुरलेलं डिझेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्या भुकटीवर काळपट रेघ उमटते. गेल्या वैशाखात शेजारच्या घणाला नेढ्याच्या (दांडा बसतो त्या भोकाच्या) कडेने अशी केसाएवढी रेघ निघाली. वरून रंग दिलेला होता, नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. तो घण त्याच दिवशी भंगारात दिला. नेढ्यापाशी किंवा धारेपासून आत जाणारी भेग असेल तर तुम्हीही तेच करा. वेल्डिंग करून वापरू नका.

मग छाप बघा. जुन्या विलायती पटाशांवर आणि रंध्याच्या पात्यांवर 'कास्ट स्टील' असा छाप असतो. तो वाचून लोक 'हे बीड (ओतीव लोखंड) आहे' म्हणून टाकून देतात. त्या छापाचा अर्थ मुशीत वितळवून केलेलं पोलाद, म्हणजे धारेसाठी उत्तम माल. बिडाचा असतो तो लोखंडी रंध्याचा सांगाडा, आणि तो खाली पडला तर तडकतो.

पात्याच्या उतारावर, म्हणजे धारेकडच्या तिरक्या बाजूवर, आडवी पुसट रेघ दिसली तर ते दोन धातूंचं पातं आहे: मऊ लोखंडावर पोलादाचा थर बसवलेला. अशा पात्यात धार धरणारा भाग तेवढ्या थरापुरताच असतो, तो उगाच घासून संपवू नका.

इशारा: छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं असेल, तर त्या पाकळ्या कानशीने काढून टाकेपर्यंत एकही घाव घालू नका. त्या उडून सरळ डोळ्यात जातात.

## टप्पा २: खोला, पुसा, धुवा

खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. रंध्याचे सुटे भाग पुन्हा कुठल्या क्रमाने बसवायचे हे दोन दिवसांनी आठवत नाही.

अडकलेल्या स्क्रूला आधी डिझेल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खाचेत पुरेपूर बसेल एवढ्याच रुंदीचा स्क्रू ड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर दोन हलके ठोके द्या, मग फिरवा. लहान ड्रायव्हरने जोर केला तर खाच फाटते. तसे पितळी स्क्रू हल्ली मिळवताना नाकी नऊ येतात.

लाकडी मूठ निघत असेल तर काढून बाजूला ठेवा. लाकूड पुढच्या टप्प्यातल्या पाण्यात कधीही जाऊ देऊ नका. मूठ निघत नसेल तर फक्त लोखंडावर व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं गुंडाळून काम करा.

जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासात जाते. पाणी लावून घासा आणि निघालेला चिखल पुसून कचऱ्यात टाका, मोरीत सोडू नका.

## टप्पा ३: गंज

वरवरचा लाल गंज असेल तर डिझेल आणि घासणी पुरते. बोट फिरवल्यावर खवले लागत असतील तर व्हिनेगर.

पटाशीसाठी मी पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा वापरतो, एका बाजूला टोपण चिकटवलेला. तो उभा ठेवून त्यात हत्यार सोडलं की थोड्या व्हिनेगरमध्ये काम भागतं. वरचं तोंड उघडंच ठेवा, कारण आत वायू तयार होतो. हत्यार पूर्ण बुडालं पाहिजे. अर्धं बाहेर राहिलं तर पाण्याच्या पातळीवर लोखंड खाल्लं जाऊन एक रेघ पडते आणि ती पुन्हा जात नाही.

दर पाच-सहा तासांनी बाहेर काढून घासा. बहुतेक हत्यारं बारा तासांत मोकळी होतात. चोवीस तासांच्या पुढे ठेवू नका. गंज संपला की आम्ल चांगलं लोखंड खायला लागतं. 'दोन दिवस ठेवलं म्हणजे जास्त साफ होईल' असं म्हणून ठेवलेल्या पटाशीचा पृष्ठभाग खडबडीत होऊन येतो, आणि तो सपाट करायला आठवडा जातो.

आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हत्यार बाहेर काढण्याआधीच दोन बादल्या भरून ठेवा. एकीत दर लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा, दुसरीत साधं पाणी. हत्यार व्हिनेगरमधून थेट सोड्यात टाका. फसफस होईल, ती थांबेपर्यंत ठेवा, मग साध्या पाण्यात खळबळून लगेच पुसा. बोअरचं पाणी असेल तर नुसतं वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

आता वाळवणं. यात सगळ्यात जास्त लोक चुकतात. नुकतंच साफ झालेलं लोखंड ओलं राहिलं तर डोळ्यांदेखत तांबूस होतं. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचं ऊन कामाला येतं: पुसलेलं हत्यार तापलेल्या पत्र्यावर दहा मिनिटं ठेवा, सांधे आणि नेढ्यातलंसुद्धा पाणी उडतं. हाताला चटका बसेल एवढं गरम असतानाच तेलाचा बोळा फिरवा. पावसाळ्यात केस वाळवायच्या यंत्राचा वारा द्या. गॅसवर धरू नका. का ते पाचव्या टप्प्यात येतंय.

तपासा: पांढरं फडकं फिरवल्यावर करडा डाग आला तर ठीक. तांबूस आला तर पुन्हा घासणी आणि डिझेल.

इशारा: संडास धुण्याचं अ‍ॅसिड वापरू नका. ते काही मिनिटांत गंज काढतं, पण पोलादात ठिसूळपणा आणतं, आणि त्याच्या वाफेने त्या खोलीतली बाकीची हत्यारं गंजतात. आणि ते ब्लीचिंग पावडरजवळ चुकूनही नेऊ नका, विषारी वायू होतो. जस्त चढवलेल्या, पितळी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या भागांना व्हिनेगरसुद्धा नको.

चार्जर लावून सोड्याच्या पाण्यात गंज काढायची एक रीत आहे. ती चांगली आहे, पण विजेचं काम येत असेल त्यानेच करावी, आणि उघड्यावर करावी. त्यात धुण्याचा सोडा लागतो. हत्यार ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडायचा. तिथे स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा पत्रा लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं.

## टप्पा ४: पाठ सपाट करा

पटाशीची आणि रंध्याच्या पात्याची एक बाजू उताराची, दुसरी सपाट. या सपाट बाजूला मी पाठ म्हणतो. धार म्हणजे या दोन बाजू जिथे भेटतात ती रेघ, तेव्हा पाठीवर गंजाचे खड्डे असतील तर उतार कितीही चकचकीत करा, धार करवतीसारखी तुटकच राहते.

काचेवर पाणी शिंपडून १२० चा वॉटर पेपर चिकटवा. पाठीवर मार्करने आडव्या रेघा मारा. पात्याचं टोकाकडचं दोन-तीन सेंटिमीटर कागदावर सपाट दाबून पुढे-मागे घासा. रेघा सगळीकडून सारख्या गेल्या की पुढचा नंबर: २२०, ४००, ८००, १२००. पूर्ण पाठ घासायची गरज नाही, धारेजवळचा तेवढा पट्टा पुरे.

या वेळी मूठ किंचितही उचलू नका. उचलली की कडेला गोलाई येते, आणि ती काढायला सगळं पहिल्यापासून.

तपासा: पाठीत खिडकीची चौकट सरळ दिसली पाहिजे. धारेला लागून एखादा खोल खड्डा उरला असेल तर पाठ घासत बसू नका. पुढच्या टप्प्यात धारेची कड तेवढी मागे घ्या.

## टप्पा ५: उतार

आता ग्राइंडरचा प्रश्न. पोलाद तापवून पाण्यात विझवलं की ते कडक होतं. लोहार याला पाणी देणं म्हणतात. मग ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा बेताने तापवतात. पटाशीला बहुधा २०० ते २३० अंशांपर्यंत. नंतर कधीही धार यापेक्षा जास्त तापली की कडकपणा कमी होतो, म्हणजे पाणी उतरतं. चकाकत्या पोलादावर हे रंगाने कळतं: २२० अंशांच्या सुमारास फिकट पिवळा, २५० च्या पुढे तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या आसपास निळा. पातळ धारेला सुक्या चाकावर निळं व्हायला काही सेकंद पुरतात.

ग्राइंडरवाला निळी झालेली कड पॉलिश करून पांढरी करून देतो. रंग जातो, मऊपणा तिथेच राहतो. 'लगेच पाण्यात बुडवलं होतं' याचाही उपयोग नाही. निळं दिसलं म्हणजे पाणी उतरून झालेलं असतं.

म्हणून उतार हाताने करा. वेळ लागतो, पण खात्रीचं काम होतं. कड तुटकी असेल किंवा खड्डा असेल तर आधी कड काटकोनात सरळ करा, मग उतार. यासाठी १२० चा कागद किंवा दगडाची खरबरीत बाजू.

उताराचा कोन मोजायला कोनमापक नको, पट्टी पुरते. उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या दुप्पट म्हणजे ३० अंश. सुमारे २.४ पट म्हणजे २५ अंश. पातं ४ मिमी जाड असेल तर ८ मिमी लांब उतार ३० चा, साडेनऊ मिमीचा उतार २५ चा. हाताने तासायच्या पटाशीला आणि रंध्याला २५ ठेवा. मोगरीने ठोकून बाभळीसारख्या कडक लाकडात खाचा पाडायच्या पटाशीला ३०. सगळ्या पटाशांना एकच पातळ उतार दिला की ठोकायच्या पटाशीची कड पहिल्याच दिवशी तुटते.

ग्राइंडर वापरावाच लागला तर मोजे काढा आणि अंगठा धारेजवळ टेकवा. अंगठ्याला ऊब लागली की पाण्यात. एका वेळी दोन-तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका.

आधीच निळी झालेली पटाशी आली तर? निळा पट्टा जिथवर आहे तिथवर कड हाताने मागे घ्या. बहुतेक वेळा दोन-तीन मिमीत चांगलं पोलाद लागतं. चांगल्या कानशीची कड हलकेच घासून बघा: कानस सहज चावली तर अजून मऊ, घसरली तर कडक. अर्धं पातंच निळं असेल तर लोहाराकडून पुन्हा पाणी देऊन घ्यावं लागेल.

कुदळ, टिकाव, खुरपं यांना हा टप्पा लागू नाही. त्यांची टोकं झिजली तर लोहाराकडून शेवटून (तापवून, ठोकून टोक काढून) आणायची, घासून टोक काढलं की हत्यारच आखूड होतं. कुऱ्हाडीला मात्र लोहाराकडे जाण्याआधी कानस मारून बघा.

## टप्पा ६: धार

दगडावर तेलाचे चार थेंब. उतार पूर्ण टेकवून खरबरीत बाजूवर घासा. पाठीकडून बोट फिरवलं की कडेला बारीक तारेसारखा कंगोरा लागतो. तो एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सलग लागला पाहिजे. मध्येच तुटत असेल तर तिथपर्यंत दगड पोचलेलाच नाही. याच ठिकाणी लोक घाई करून बारीक बाजूवर जातात आणि मग 'धार येत नाही' म्हणतात.

कंगोरा सलग आला की बारीक बाजू. इथे मूठ अगदी किंचित उचलून पाच-सहा हात मारा. मग पाठ दगडावर पूर्ण सपाट टेकवून दोन हात. पुन्हा उतार, पुन्हा पाठ, कंगोरा गळून जाईपर्यंत. शेवटी जुन्या पट्ट्याच्या चामड्यावर उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून, ओढा.

तपासा: मऊ लाकडाचा आडवा छेद, म्हणजे फळीचं टोक, तासून बघा. गुळगुळीत चकाकता छेद आला तर धार झाली. भुगा पडला किंवा पांढरट रेघा उमटल्या तर कुठेतरी कड तुटकी आहे. कागद कापून बघण्यापेक्षा ही परीक्षा खरी.

## टप्पा ७: लोखंडी रंध्याचं थोडं वेगळं

पात्यावर एक दुसरी लोखंडी पट्टी बसते. ती पात्याच्या पाठीवर फट न राहता टेकली पाहिजे, नाहीतर साल त्या फटीत अडकून तोंड तुंबतं. दोन्ही एकत्र धरून उजेडाकडे बघा. उजेड दिसला तर पट्टीची कड दगडावर घासा. बारीक कामाला ही पट्टी धारेपासून अर्धा मिमी मागे, जाड सालीला दीड मिमी.

रंध्याचा तळ सपाट करताना पातं आत ओढून, पण पूर्ण कसून ठेवा. कसल्यावर बिडाचा सांगाडा किंचित वाकतो. पातं काढून तळ सपाट केला तर पुन्हा कसल्यावर वाकडा निघतो. तळावर पेन्सिलीच्या रेघा मारा. टोक, तोंडाची कड आणि शेपूट एवढ्या तीन जागी रेघा गेल्या की पुरे.

करवतीबद्दल एवढंच: तिला व्हिनेगरमध्ये बुडवू नका, पातं पातळ असतं. डिझेल आणि घासणीने साफ करा. दात आधी माथ्याला सारखे करा, मग आकार, मग आलटून-पालटून वळण, आणि शेवटी त्रिकोणी कानशीने धार. कानस स्वतः बोथट झाली असेल तर तारेच्या ब्रशने साफ करून काही तास व्हिनेगरमध्ये ठेवा, दात पुन्हा बऱ्यापैकी चावायला लागतात.

## टप्पा ८: दांडा

हातोडा ढिला झाला की लोक तो रात्रभर बादलीत टाकतात. सकाळी घट्ट होतो, हे खरं. पण फुगलेलं लाकूड लोखंडात मावत नाही, त्याचे तंतू दबून चिरडले जातात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक होतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत हे दोन दिवसांत घडतं.

याच हवेचा फायदा घ्या. दांडा एप्रिल-मे मध्ये बसवा, लाकूड जास्तीत जास्त आकसलेलं असताना. पावसाळ्यात ते फुगून आणखी घट्ट बसतं. आषाढात बसवलेला दांडा पुढच्या चैत्रात खुळखुळतो आणि दोष पाचरीला दिला जातो.

लाकूड बाभळीचं. निदान एक उन्हाळा सावलीत वाळलेलं, आणि फाडलेलं. करवतीने कापलेल्या दांड्यात रेषा मध्येच तुटतात. दांड्याच्या टोकावर दिसणाऱ्या रेषा कुऱ्हाडीच्या पात्याच्या दिशेत असू द्या. आडव्या असतील तर दांडा लवकर मोडतो.

नेढ्याच्या मापाने टोक तासा, घासून बसवून बघा, पुन्हा काढून जिथे काळं लागलं तेवढंच तासा. टोकात नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश एवढी चीर पाडा. मग हत्यार खाली लोंबतं धरून दांड्याच्या दुसऱ्या टोकावर मोगरीने ठोका. लोखंड जड असल्यामुळे जागच्या जागी राहतं आणि दांडा त्यात शिरत जातो. जमिनीवर आपटण्यापेक्षा हे कितीतरी सरळ बसतं. शेवटी कोरड्या लाकडाची पाचर ठोका. खिळे ठोकू नका, लाकूड फाटतं.

कुदळ आणि टिकावाला पाचर लागत नाही. त्यांचा दांडा वरून घालायचा, जाड टोक नेढ्यात आवळून बसतं.

तपासा: माणसं दूर करून, रिकाम्या जागेत मऊ लाकडावर वीस घाव घाला. नेढ्यापाशी दांड्यावर आधीच पेन्सिलीची रेघ मारून ठेवा. रेघ सरकली तर पुन्हा ठोका.

## टप्पा ९: तेल आणि ठेवण

लाकडाला जवसाचं तेल. पातळ हात द्या, पंधरा मिनिटांनी जादाचं पुसा, वाळू द्या, पुन्हा द्या. तीन हात पुरतात.

इशारा: जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून ढीग करून ठेवू नका. हे तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगात ती साठून बोळे आपोआप पेटतात. सुताच्या वेस्टला तर पेटायला ठिणगीचीही गरज नसते, आणि आपल्याकडे मे महिन्यात बंद खोली आधीच तापलेली असते. बोळे दोरीवर सुटे वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवून टाका.

लोखंडाला शिलाई मशीनचं तेल, बोटाला जेमतेम लागेल एवढं. घरातलं करडईचं तेल लावू नका. ते हवेत वाळून चिकट होतं, त्यावर धूळ बसते आणि रंध्याचे स्क्रू अडकतात. गाडीचं काढलेलं काळं ऑइलही नको, ते कातडीला घातक आहे.

पटाशीच्या धारेला जाड कागदाची टोपी करा. ट्रंकेत ठेवताना गोणपाट वापरू नका, तो दमट हवा धरून ठेवतो. तेलाने किंचित ओलावलेलं सुती कापड गुंडाळा. मीठ, खताचं पोतं आणि अ‍ॅसिडची बाटली त्या खोलीत नको. सप्टेंबरमध्ये इथे पाऊस जोरात असतो, तेव्हा पाऊस उघडल्यावर दसऱ्याच्या आधी एकदा ट्रंक उघडा, प्रत्येक पातं पुसा, लाल ठिपका दिसला तर तेवढ्याच जागी घासणी फिरवा आणि पुन्हा तेल लावून ठेवा.